माइकमध्ये सापडलेलं भांडण

माझी बायको चिनात्सु सोळा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळते आहे. त्यातली आठ वर्षं तिची काठ्यांची बॅग मी उचलली. या सगळ्या काळात तिने एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती, आणि आमच्या मारुगामे गावाबाहेर तिचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. मग गेल्या वर्षी मे महिन्यात ओकायामाच्या डोंगरातल्या एका मैदानावर आम्ही दोघं भांडलो, आणि ते भांडण देशभर पोचलं.

भांडणात विशेष काही नव्हतं. दुय्यम दर्जाच्या एका स्पर्धेचा दुसरा दिवस होता. अशा स्पर्धांना प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्या मुलींचे आईबाप आणि वेळ जात नाही म्हणून आलेली चार निवृत्त माणसं. पण त्या वर्षीपासून खेळ थेट इंटरनेटवर दाखवायचं ठरलं होतं, आणि अकराव्या होलच्या कडेला गवतात एक माइक खोवून ठेवला होता. पक्ष्यांचे आवाज यावेत म्हणून ठेवला होता, असं नंतर कळलं. चिनात्सुचा चेंडू नेमका त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

झेंडा एकशे चाळीस यार्डांवर होता. चिनात्सु म्हणाली, "सहा द्या."

काठीचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. मी म्हटलं, "सात पुरे."

"वारा समोरून आहे."

"समोरून नाही, डावीकडून आहे."

"मग तुमचं नाक कुठल्या बाजूला आहे?"

"नाक जागेवर आहे. सात घे."

"फ्रीज घेतानाही असंच छातीठोक सांगितलं होतंत. मावेल म्हणे. स्वयंपाकघराचं दार काढून ठेवावं लागलं."

"पण मावला ना शेवटी?"

"दार अजून गॅलरीत उभं आहे. सहा द्या."

दिला. चेंडू झेंड्याभोवतीच्या ग्रीनच्या डोक्यावरून पलीकडच्या बांबूत गेला. ती जरा वेळ बांबूंकडे बघत राहिली, मग काठी माझ्याकडे देत म्हणाली, "एक शब्द बोलू नका."

"मी कुठे बोलतोय?"

"तुमचं न बोलणंसुद्धा ऐकू येतंय मला."

एवढंच. त्या होलवर दोन फटके जास्त गेले, आणि तेवढ्याच दोन फटक्यांनी आम्ही शेवटच्या दिवसाला मुकलो. संध्याकाळी सामान गाडीत टाकलं, समुद्रावरचा पूल ओलांडला आणि घरी आलो. हरल्यावर आम्ही गाडीत बोलत नाही. ती डोळे मिटून बसते, मी बेसबॉलची बातमी लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या थोरल्या भावाच्या दुकानात गेलो. कात्सुतोशी दादाचं उदोनचं दुकान आहे, जाड शेवया आणि गरम रस्सा. स्पर्धा नसली की मी तिथे शेवयांची कणीक पायांनी तुडवतो. दादाने मला पाहिलं आणि हातातला झारा खाली ठेवला. दादा सहसा झारा खाली ठेवत नाही.

"ताके, तुझ्या नाकाबद्दल लोक विचारतायत," तो म्हणाला.

"कोण लोक?"

"सगळेच."

त्याने फोन दाखवला. चाळीस सेकंदांची फीत होती. खाली आकडा होता, तो मी दोनदा मोजला. रात्रभरात सहा लाख लोकांनी आमचं भांडण पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी हाच आकडा चाळीस लाख झाला.

चिनात्सुचं खातं आधीपासून होतं. हजारभर लोक, त्यातले निम्मे नातेवाईक आणि शाळेतल्या मैत्रिणी. ती त्यावर जेवणाचे फोटो टाकायची. महिनाभरात तिथे अडीच लाख लोक झाले. त्यांना जेवणाचे फोटो नको होते. "ताके-सान आज काय म्हणाले?" असं विचारायचे. "फ्रीज कसा आहे?" असं विचारायचे. नागोयातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांचे यजमान वारल्याला तीन वर्षं झाली, आणि ती फीत पाहून त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. ते चिनात्सुने मला दोनदा वाचून दाखवलं.

लोक दुकानात येऊ लागले. मारुगामेला उदोनसाठी लोक येतातच, पण हे उदोन खाऊन झाल्यावर भांडी ठेवायच्या खिडकीतून आत डोकावत. मी कणीक तुडवत असायचो. कोणीतरी म्हणायचं, "अय्या, खरंच तेच आहेत." दादाला धंदा वाढल्याचा आनंद होता, पण कणीक बारा वाजताच संपायला लागल्याचा वैतागही होता. रोजचे म्हातारे रिकाम्या पोटी परत जात होते. "तुझ्या बायकोला सांग," तो म्हणायचा, "पुढचं भांडण भाताच्या दुकानात कर म्हणावं."

जूनच्या शेवटी टोकियोहून कुरोसे नावाचे गृहस्थ आले. एका सॉय सॉसच्या कंपनीत जाहिरातीचं काम बघायचे. ही कंपनी दर सप्टेंबरात ह्योगोच्या डोंगरात मुख्य दर्जाची स्पर्धा भरवते. नियमाने त्यांना काही जागा आपल्या मर्जीने देता येतात, आणि त्यातली एक त्यांना चिनात्सुला द्यायची होती. मुख्य दर्जाच्या स्पर्धेत तिला खेळून पाच वर्षं झाली होती. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून नमस्कार केला. मीही केला.

"आणखी एक छोटीशी विनंती होती," कुरोसे म्हणाले. "त्या दिवसांत तुम्ही दोघांनी छातीपाशी माइक लावलात तर प्रेक्षकांना फार बरं वाटेल. आणि त्याआधी एक लहानशी जाहिरात. स्वयंपाकघरात तुम्ही दोघं सॉय सॉस किती घालायचा यावरून..."

"भांडायचं," चिनात्सु म्हणाली.

"लटकं," कुरोसे म्हणाले.

जाहिरातीचं चित्रण जुलैत टोकियोत झालं. स्वयंपाकघर खोटं होतं, नळाला पाणी नव्हतं. आम्हाला ओळी लिहून दिल्या होत्या. दिग्दर्शक तरुण होता, सौजन्याने बोलायचा. "फार छान," म्हणायचा, "आता एकदा अगदी सहज भांडू या." असं त्याने एकवीस वेळा म्हटलं. बाविसाव्या वेळी चिनात्सु मला हळूच म्हणाली, "घरी एका दमात होतं." ते माइकने पकडलं आणि जाहिरातीत तेच ठेवलं. बाकी सगळ्या ओळी वाया गेल्या.

इथपर्यंत मला सगळं मजेचं वाटत होतं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. लग्नाआधी मी गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायचो, दांड्यांना नव्या मुठी बसवायचो. कोणी माझा फोटो मागावा असं काही मी आयुष्यात केलेलं नव्हतं. आता स्टेशनवर मुली थांबून म्हणायच्या, "ताके-सान, एकदा 'सात पुरे' म्हणा ना." मी म्हणायचो. सुरुवातीला लाजून म्हणायचो, नंतर लाजणं सुटलं.

ऑगस्टमध्ये दुय्यम दर्जाच्या दोन स्पर्धा होत्या. आम्ही चालू तिथे दोनशे-अडीचशे माणसं दोरीबाहेरून चालायची. दुसऱ्या खेळाडूंमागे कोणी नाही. आमच्या गटातली एक वीस वर्षांची मुलगी चेंडू होलमध्ये ढकलायला वाकली की मागे लोक पुढच्या जागेसाठी धावू लागायचे, कारण चिनात्सुचा फटका झालेला असायचा. चिनात्सु त्या मुलीची दर होलनंतर माफी मागायची. मुलगी "काही हरकत नाही" म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

दुसऱ्या स्पर्धेत, तेराव्या होलवर, ती गोष्ट घडली. चिनात्सु चांगली खेळत होती. चेंडू मोकळ्या जागी होता, झेंडा एकशे तीस यार्डांवर, वारा पडलेला. ती म्हणाली, "आठ."

मलाही आठच वाटत होता. पण दोरीपलीकडे लोकांनी फोन वर केले होते. आम्ही दोघं बॅगेपाशी उभे राहिलो की ते फोन वर करायचे, आणि सगळीकडे चिडीचूप व्हायचं. मी म्हटलं, "आठ? काल तिखट जास्त झालं वाटतं डोक्याला. सात घे."

लोक हसले. चिनात्सुने माझ्याकडे पाहिलं. नेहमी ती माझं ऐकत नाही. त्या दिवशी तिने सात घेतला. चेंडू ग्रीनवर टप्पा खाऊन मागच्या तळ्यात गेला.

तिने काठी माझ्या हातात दिली. लोक वाट बघत होते. मग हळूहळू फोन खाली आले.

परतीच्या वाटेवर मी बेसबॉलची बातमी लावली. तिने हात पुढे करून ती बंद केली.

"तेराव्याला तुम्हाला खरंच सात वाटत होता?"

मी गाडी चालवत राहिलो. पुलावर समोरून ट्रक येत होते.

"मी विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. "आठ वाटत होता."

"मग?"

"लोक उभे होते."

ती खिडकीकडे वळली. खाली समुद्रात बेटं दिसत होती, तिकडे बघत असावी. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आठ वर्षांत तुम्ही चुकीचं पुष्कळ सांगितलंत. खोटं कधी सांगितलं नव्हतं."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली की ती बोलते, आणि बोलून झालं की जेवायला काय आहे विचारते. त्या दिवशी तिने घरी येऊन आंघोळ केली आणि कोणालातरी फोन लावला. मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. आत आलो तेव्हा तिने सांगितलं, "ह्योगोला इनागाकीबाई येणार आहेत बॅगेला."

इनागाकी ही व्यवसायाने कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग सांभाळणारी, तीसेक वर्षांची. मितभाषी. तिला मैदानावर सगळे मानतात.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला राग आला?"

"नाही."

"आला असेल तर आत्ताच सांगा. स्पर्धेच्या आठवड्यात सांगू नका."

"आला आहे थोडा," मी म्हटलं. "पण तू बरोबर आहेस."

तिने मान हलवली आणि भाताचा कुकर लावायला गेली.

हे कळताच कुरोसे दुसऱ्याच दिवशी विमानाने आले. त्यांनी आमच्याकडे न येता आधी दादाचं दुकान गाठलं, कारण मी तिथे होतो. सूट घातलेला, कपाळावर घाम. त्यांना वाटत होतं मी समजावलं तर ती ऐकेल.

"सोगो-सान," ते आमच्या आडनावाने हाक मारत म्हणाले, "लोक तुम्हा दोघांना बघायला येणार आहेत."

"निमंत्रणावर कोणाचं नाव आहे?" मी विचारलं.

"त्यांचं."

"मग झालं तर."

दादा मागून म्हणाला, "कुरोसे-सान, आधी खाऊन घ्या. शेवया फुगतील." कुरोसेंनी खाल्लं. रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग म्हणाले की ते वरिष्ठांशी बोलतील, निमंत्रण काढून घेतलं जाणार नाही, ती जबाबदारी त्यांची. आणि तसं झालंही. त्यांना त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. माइकचा विषयही पुन्हा निघाला नाही.

मी ह्योगोला गेलो, पण तिकीट काढून. तोंडाला मास्क, डोक्यावर रुंद कडेची टोपी. आठ वर्षांत मी पहिल्यांदा दोरीच्या बाहेर उभा होतो. तिथून सगळं वेगळं दिसतं. खेळाडू लहान दिसतात आणि त्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

पहिला फटका मारतात त्या जागेपाशी शे-पाचशे लोक जमले होते. चिनात्सु इनागाकीबरोबर आली तेव्हा त्यांच्यात कुजबुज पसरली. काही जण फोनवर काहीतरी शोधायला लागले. तीन होल होईपर्यंत लोकांच्या तोंडी आमचा घटस्फोट झालेला होता.

माझ्या शेजारी हिमेजीहून आलेल्या निशिओका नावाच्या साठीच्या बाई चालत होत्या. गळ्यात टॉवेल, पाठीवर लहानशी पिशवी. चढावर मी त्यांना हात दिला, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलू लागल्या.

"बघा भाऊ, मी आधीच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "प्रसिद्धी आली की घर मोडतं. नवऱ्याला सोडलंन तिने."

"सोडलं असेल असं नाही," मी म्हटलं.

"मग कुठे आहे तो? बिचारा. किती गरीब होता. सगळं ऐकून घ्यायचा."

"सगळं नाही ऐकून घ्यायचा."

"तुम्ही पाहिलंय का ते? मी चाळीस वेळा पाहिलंय. माझे हे तर असे आहेत, सोफ्यावर बसले की दगड. भांडायलासुद्धा उठत नाहीत. तो माणूस निदान उत्तर द्यायचा."

पहिल्या दिवशी चिनात्सु एकाहत्तर फटक्यांत खेळली, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, एकोणसत्तर. शेवटच्या दिवसात तिचं नाव आलं, आणि चांगलं वर आलं. गर्दी मात्र दुसऱ्या दिवशी निम्मी झाली. भांडण नाही म्हटल्यावर लोक दुसऱ्या गटांमागे गेले, काही जत्रेसारखी खाण्याची दुकानं लागली होती तिकडे वळले. तिसऱ्या दिवशी तिच्यामागे साठ-सत्तर माणसं उरली, आणि ती खरोखर गोल्फ बघणारी होती. निशिओकाबाई त्यात होत्या. "आता आलेच आहे तर बघते," म्हणाल्या.

मी चिनात्सुला इतकं शांत खेळताना पाहिलं नव्हतं. बॅगेपाशी ती दोन शब्द बोलायची, इनागाकी एक शब्द बोलायची, आणि काठी बाहेर यायची. चालताना दोघी एकमेकींपासून चार पावलांवर असायच्या. माझ्याबरोबर चालताना चिनात्सुचा सगळा वेळ मला काही सांगण्यात किंवा माझं काही खोडण्यात जायचा. मला वाटायचं त्याने तिला हलकं वाटतं. कदाचित वाटतही असेल. पण ती असंही चालू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

सोळावा होल दरीपलीकडे आहे. चेंडू एका फटक्यात पलीकडे घालावा लागतो. मी मनात म्हटलं, पाच नंबर. अगदी खात्रीने म्हटलं. तिने सहा काढला. चेंडू उंच गेला, झेंड्याच्या अलीकडे पडला आणि दोन पावलांवर थांबला. पाच मारला असता तर तो मागच्या वाळूत गेला असता.

निशिओकाबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "नवरा असता तर इथे नक्की जुंपली असती."

"हो," मी म्हटलं. "आणि तो चुकला असता."

त्या माझ्याकडे वळल्या. मास्ककडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. "भाऊ, जरा पुन्हा बोला."

मी टोपी पुढे ओढली.

"सात पुरे, असं म्हणा बघू."

"नको," मी म्हटलं.

तेवढ्याने त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग तिथेच, उतारावर, कमरेत वाकून त्या म्हणाल्या, "माफ करा. मी तीन दिवस तुमच्या घटस्फोटाचं बोलतेय."

"काही हरकत नाही. बाकीचेही बोलतायत."

"झालेला नाही ना?"

"नाही."

त्यांनी पिशवीतून तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांची पुडी काढली, माझ्या हातात ठेवली आणि शेवटच्या होलपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. कोणाला सांगितलंही नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

चिनात्सु सहावी आली. नऊ वर्षांतला तिचा सगळ्यात वरचा क्रमांक. मी दोरीपाशी उभा होतो, तिने मला पाहिलं आणि मान जराशी खाली केली, जशी ती ओळखीच्या कोणालाही करते. मग तिला पत्रकारांनी गाठलं. त्यातल्या एकाने विचारलं की आपल्या यजमानांना का नाही आणलं, लोक फार वाट बघत होते.

ती दमली होती. म्हणाली, "त्यांच्याशी मी घरी भांडते. इथे मला काम असतं."

हे एवढंच वाक्य कापून कोणीतरी टाकलं.

या वेळीही लाखो लोकांनी पाहिलं. पण आता ती गर्विष्ठ ठरली. नवऱ्याच्या जिवावर नाव कमावलं आणि त्यालाच फेकून दिलं, असं लिहिलं गेलं. सहाव्या क्रमांकाबद्दल कोणी लिहिलं नाही. अडीच लाखांतले नव्वद हजार लोक पंधरवड्यात निघून गेले. गंमत म्हणजे मला पत्रं यायला लागली. दुकानाच्या पत्त्यावर. धीर धरा, तुमच्यासारख्या माणसाला कोणीतरी नक्की भेटेल. एका वाहिनीने मला एकट्याला बोलावलं, 'सोडून दिलेले नवरे' अशा काहीतरी विषयावर. मी नको म्हटलं तर त्यांनी विचारलं, मग भाऊ येतील का.

एका संध्याकाळी मी तिच्या खात्यावर लोकांना उत्तर लिहायला बसलो. चांगलं लांबलचक लिहिलं. तेराव्या होलचं सगळं लिहिलं, सात आणि आठचं. ती मागे येऊन उभी राहिली आणि वाचत होती.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"लोकांना खरं कळू दे. चूक माझी होती."

"मला कळलंय ना?"

"पण ते तुला नावं ठेवतायत."

"ते मला ओळखत नाहीत. मे महिन्यातही ओळखत नव्हते." तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि लिहिलेलं पुसलं. "तुम्ही हे टाकलंत की परत तुमच्याबद्दलच बोलतील. तुम्ही किती भले आहात म्हणून."

हे मला लागलं. कारण लिहिताना तसा विचार कुठेतरी माझ्या मनात होता.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"इनागाकीबाईंना वर्षभर ठेवायचं म्हणतेय मी. तुमच्या मनात काय आहे ते सांगा."

मला आठ वर्षांतली मैदानं आठवली, पावसात ओली झालेली बॅग, तिचे मोजे कुठल्या कप्प्यात असतात ते. म्हटलं, "ती चांगली आहे. सोळाव्याला मी पाच दिला असता."

"खरं?"

"खरं."

कित्येक दिवसांनी ती हसली. आणि मग लगेच डोळे पुसायला लागली. का ते मी विचारलं नाही. तिच्या शेजारी बसलो. दोघांचा चहा गार झाला.

जाहिरात नोव्हेंबरपर्यंत दिसत होती, नंतर तिच्या जागी कुणीतरी विनोदी नट आला. कुरोसेंनी नववर्षाला शुभेच्छापत्र पाठवलं, त्यात हाताने लिहिलं होतं की ते उदोन अजून आठवतं. पुढच्या वर्षीची पात्रता ठरवणारी स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटी झाली. चिनात्सु चौतिसावी आली. याचा अर्थ मुख्य दर्जाच्या निम्म्या तरी स्पर्धांत तिला आपल्या हक्काने खेळता येणार. कोणाच्या मर्जीने नव्हे. ती बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रात चार ओळींत आली. दादाने ती कापून दुकानात लावली, तिथे आता रश्शाचे डाग पडले आहेत.

मी आता रोज दुकानात असतो. दुपारी दोनला कणीक संपली की घरी येऊन काठ्यांना मुठी बसवतो. गावातल्या गोल्फ खेळणाऱ्यांचं ते काम पुन्हा माझ्याकडे यायला लागलं आहे. लोक अजून अधूनमधून खिडकीतून डोकावतात, पण पूर्वीसारखे नाहीत. परवा एकाने विचारलं, "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं?" मी म्हटलं, "इथेच पाहिलं असेल."

मार्चमध्ये चिनात्सु मोसमाच्या पहिल्या स्पर्धेला ओकिनावाला गेली. विमानतळावर मी बॅग गाडीतून काढली तेव्हा इनागाकीने ती घ्यायला हात पुढे केला. मी आतपर्यंत नेतो म्हटलं. ती बाजूला झाली. काउंटरपर्यंत नेली, मग दिली.

पहिल्या दिवशी चिनात्सुचा फोन आला तेव्हा दुकानात शेवटची गिऱ्हाइकं होती. मी हात पुसत मागच्या दाराशी गेलो. त्र्याहत्तर खेळली होती. चौदाव्यावर काय झालं, ते ती सांगत होती, आणि मी म्हटलं की मी असतो तर डावीकडून मारायला सांगितलं असतं.

"डावीकडे झाडं आहेत."

"झाडांच्या अलीकडून."

"तुम्ही हे मैदान पाहिलेलं नाही."

"टीव्हीवर पाहिलंय."

"टीव्हीवर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "इथे खूप उकडतंय. तुमचं जेवण झालं?"

"अजून नाही."

"दोन वाजलेत. आधी जेवून घ्या," ती म्हणाली आणि इनागाकी हाक मारते आहे म्हणून फोन ठेवला. मी आत गेलो. दादाने माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढून ठेवली होती.